साठ घोडे, तीन इंजिनं

जीपच्या घराण्यातली तीन इंजिनं बघा. पहिलं अमेरिकन, पेट्रोलवर चालणारं, १९४१ सालच्या युद्धातल्या विलीज जीपमधलं. त्याची ताकद ६० अश्वशक्ती. दुसरं फ्रेंच कुळातलं डिझेल, इगतपुरीला तयार होऊन महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये बसलेलं. ते ६२ अश्वशक्तीचं. तिसरं ट्रॅक्टरच्या वंशातलं डिझेल, २०१० साली आलेल्या महिंद्रा थारच्या ‘डीआय’ मॉडेलमधलं. ते ६३ चं. सत्तर वर्षांत वाढले ते फक्त तीन घोडे!

कागदावर हे आकडे पाहिले तर वाटेल, मधल्या काळात काही घडलंच नाही. पण ज्यानं या तिन्ही गाड्या घाटात चढवल्या आहेत त्याला विचारा. पहिली गाडी गुमान ओढत राहते, दुसरी रेस दिल्याशिवाय हलत नाही आणि तिसरी धडधडत, अंग हलवत, पण कुठंही न अडता वर जाते, असंच तो सांगेल. घोडे तेवढेच असताना चाल इतकी निराळी कशी? जुन्या जीपमध्ये कोणतं इंजिन टाकावं, हा प्रश्न गॅरेजमध्ये रोज निघतो, आणि त्याचं उत्तर या कोड्यातच दडलेलं आहे. ते उलगडायला लागलं की मला दरवेळी नव्यानं नवल वाटतं.

सुरुवात १९४० पासून करावी लागेल. अमेरिकी सैन्याला चारही चाकांनी ओढणारी, हलकी टेहळणी गाडी हवी होती, तीही तातडीनं. पेनसिल्वेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या कंपनीनं सप्टेंबरमध्ये पहिली गाडी तयार करून सैन्यापुढे उभी केली. जीपच्या मूळ आकाराचं श्रेय बँटमचंच. पण तिच्यातलं काँटिनेंटल कंपनीचं इंजिन जेमतेम ४५ अश्वशक्तीचं होतं. फोर्डनंही नमुना आणला. त्यात ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेलं इंजिन होतं आणि त्याची ताकदही तेवढीच. तिसरी होती टोलेडोची विलीज-ओव्हरलँड. या कंपनीनं मंदीच्या काळात दिवाळखोरीचे दिवस पाहिले होते. तिच्याकडे पैसा नव्हता, पण बार्नी रूस नावाचा मुख्य अभियंता होता.

रूस १९३८ साली विलीजमध्ये आले तेव्हा कंपनीच्या स्वस्त मोटारीत ४८ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन बसत होतं. नवं इंजिन आखायला पैसे नाहीत म्हटल्यावर त्यांनी आहे तेच हाती घेतलं. पिस्टन, बेअरिंगं, कार्बुरेटर, धातूचा कस आणि भागाभागांतली फट असं एकेक ठिकाण पकडत, सिलिंडरचा आकार न बदलता, त्यांनी तेच इंजिन ६० अश्वशक्तीपर्यंत नेलं. त्याचं नाव ‘गो डेव्हिल’. इंजिनात सुधारणा म्हणजे काय, याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

अडचण आली वजनाची. सैन्यानं मर्यादा घातली होती २१६० पौंडांची, म्हणजे सुमारे ९८० किलोंची. विलीजचा नमुना त्याहून अडीचशे पौंडांवर भारी भरला. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा दमदार असलेलं इंजिन काढून हलकं बसवलं असतं तर प्रश्न मिटला असता. रूस त्याला तयार नव्हते. त्यांनी गाडी उलगडून भाग न् भाग तराजूवर ठेवला. जिथं कमी जाडीचा पत्रा चालेल तिथं तो बदलला. नटाबाहेर येणारी बोल्टची टोकं छाटली. रंगाचा दुसरा हात दिला असता तर गाडी मर्यादेबाहेर गेली असती, असंही सांगतात. इंजिन ठेवण्यासाठी बाकीची सगळी गाडी बारीक केली गेली. पुढे जीप म्हणून जगाला जी गाडी माहीत झाली, ती या इंजिनाच्या हट्टातून.

आता मूळ कोड्याकडे येऊ. अश्वशक्ती हा गुणाकार आहे. दगडी जात्याचा खुंटा तुम्ही किती जोर लावून ओढता ही एक गोष्ट, आणि मिनिटाला किती फेरे घालता ही दुसरी. खुंट्यावरचा जोर म्हणजे टॉर्क, फेरे म्हणजे इंजिनाचे आरपीएम, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे ताकद. जोर कमी आणि फेरे जास्त, किंवा जोर जास्त आणि फेरे कमी, असं करूनही पीठ तेवढंच पडू शकतं.

गो डेव्हिल साठ घोडे गाठतं मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. पण त्याची सर्वात जास्त ओढ, सुमारे १४२ न्यूटन-मीटर, २००० फेऱ्यांवरच मिळते. घाटात माणूस ज्या फेऱ्यांवर गाडी चालवतो, तिथेच ती हजर असते. इगतपुरीच्या फ्रेंच डिझेलची सर्वात जास्त ओढ १२० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि त्याचे ६२ घोडे मोजायला त्याला ४५०० फेऱ्यांपर्यंत पळवावं लागतं. ट्रॅक्टरवंशी डीआयची ओढ १८० न्यूटन-मीटरच्या वर, तीही १५०० फेऱ्यांच्या आसपास. त्याचे ६३ घोडे ३२०० फेऱ्यांवरच पूर्ण होतात. एक धावपटू, एक मल्ल आणि एक मधला. गुणाकार मात्र तिघांचा जवळजवळ सारखाच.

पण इंजिनाचा टॉर्क थेट चाकाला मिळत नाही. मध्ये दातेरी चक्रांच्या तीन पायऱ्या असतात, आणि खरी जादू त्यांत आहे. युद्धातल्या जीपचा पहिला गिअर २.६६ पट, चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसची लो रेंज १.९७ पट, आणि अ‍ॅक्सलमधलं क्राउन-पिनियन ४.८८ पट. तिघांना गुणलं की साधारण २६ येतात. इंजिनाचा जोर चाकाशी सव्वीसपट होऊन पोचतो आणि वेग सव्वीसपट कमी होतो. युद्ध संपल्यावर १९४५ साली विलीजनं हीच गाडी शेतकऱ्यांसाठी काढली, सीजे-२ए नावानं. इंजिन तेच गो डेव्हिल. बदलले ते दाते: पहिला गिअर २.८, लो रेंज २.४६, क्राउन-पिनियन ५.३८. गुणाकार ३७.

इंजिनाला हात न लावता गाडीची ओढ चाळीस टक्क्यांहून जास्त वाढली! चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असताना ही शेतकरी जीप ताशी साडेतीन किलोमीटरनं सरकते, आणि ६०० फेऱ्यांच्या आसपास नुसती घुरघुरत असताना ताशी दोननं. चालत्या माणसाच्याही मागे पडेल अशी चाल, आणि चाकांपाशी मिळून ५२०० न्यूटन-मीटरहून अधिक जोर. चिखलात, नांगराच्या सरीत, दगडगोट्यांच्या ओढ्यात नेमकं हेच लागतं. उलट वरच्या गिअरमध्ये ४००० फेऱ्यांवर ही गाडी ताशी ९८ किलोमीटरला पोचते, आणि तिथं तिचा पिस्टन किती धावतो ते बघा. त्याची एका दिशेची वाट १११ मिलिमीटरची. सेकंदाला जवळजवळ ६७ फेरे, प्रत्येक फेऱ्यात एकदा वर आणि एकदा खाली. सरासरी वेग येतो सेकंदाला १४.८ मीटर, म्हणजे ताशी ५३ किलोमीटर. पिस्टन इतकी धाव घेतो ते सतत थांबून, उलट फिरून. जुनी जीप तासन् तास दामटू नये, असं जुने ड्रायव्हर सांगत. त्यामागचं कारण या एका आकड्यात आहे.

१९५० च्या सुमारास विलीजनं याच ब्लॉकवर नवं डोकं बसवलं. गो डेव्हिलमध्ये हवा आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा, दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असत. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात धुराचा व्हॉल्व्ह खालीच ठेवला आणि हवेचा वर, हेडमध्ये नेला. वर जागा मोकळी असल्यानं तो मोठा करता आला, जास्त मिश्रण आत येऊ लागलं. सिलिंडरचा व्यास तोच, पिस्टनची धाव तीच, पण ६० चे सत्तरावर घोडे झाले आणि ओढ १५५ न्यूटन-मीटरपर्यंत गेली.

पण हे इंजिन उंच झालं. ते जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे-३बीला बोनेट आणि पुढची जाळी उंच करावी लागली. अमेरिकेत काहींना ते रूप बेढब वाटलं. भारतात मात्र तोच चेहरा जीप म्हणून पिढ्यान् पिढ्या ओळखला गेला. जिल्हाधिकाऱ्याच्या दौऱ्यात, पोलीस ठाण्याच्या दारात, निवडणुकीच्या प्रचारात आणि सिनेमातल्या पाठलागात दिसणारं ते उंच, सरळ बोनेट व्हॉल्व्ह वर नेल्यामुळे आलेलं आहे. एका झडपेनं एका देशाच्या रस्त्यांचं चित्र ठरवलं, हे कळलं तेव्हापासून कुठलीही जुनी महिंद्रा जीप दिसली की माझी नजर आधी बोनेटच्या उंचीकडे जाते.

या गाडीचं भारतात येणंही रूस यांच्याशी जोडलेलं आहे. इंडिया सप्लाय मिशनच्या कामासाठी अमेरिकेत असलेले के. सी. महिंद्रा तिथं बार्नी रूसना भेटले. महिंद्रांची कंपनी उभी राहिली, सुटे भाग मुंबईत येऊ लागले, आणि १९४९ साली माझगावच्या कारखान्यात जोडलेली जीप बाहेर पडली. पुढे परवान्यानं इथंच भाग बनू लागले, काम कांदिवलीला वाढलं. जपानमध्ये मित्सुबिशीनंही हीच सीजे-३बी परवान्यानं घेतली आणि तिचं जीपचं उत्पादन १९९८ पर्यंत चाललं. तिनंही पुढे बोनेटखाली स्वतःची डिझेल इंजिनं बसवली. त्याच कवचात दोन देशांनी आपापलं काळीज घातलं.

भारतात डिझेलकडे वळण्याचं कारण सरळ होतं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं आणि डिझेल बरंच स्वस्त होतं. हरिकेन कितीही गोड चाललं तरी त्याची तहान मोठी. १९७९ साली महिंद्रानं प्यूजो कंपनीशी ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनाचा करार केला. या आकड्यांतच इंजिनाचं माप आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची धाव ८३ मिलिमीटर, एकूण २११२ घनसेंटिमीटर. आफ्रिकेतल्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून नावाजलेल्या प्यूजो ५०४ मध्ये याच कुळातलं डिझेल असे. हे इंजिन बनवायला जागा निवडली इगतपुरीची. कसाऱ्याचा घाट चढून आल्यावर लागणारं हे गाव. घाटातला रेल्वेचा चढ ३७ मीटरला एक मीटर इतका कडक, म्हणून गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. डोंगरात चढणाऱ्या गाड्यांची इंजिनं घडवायला याहून शोभणारं गाव मिळालं नसतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण वीसपट आवळली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. प्लग नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही, कॉइल नाही. पावसाळ्यात कोकणातला ओढा ओलांडताना पेट्रोल जीप या तिन्हींपैकी कशात तरी पाणी गेलं की बंद पडते. डिझेलला ती भीती नाही. मात्र एअर फिल्टरमधून पाणी आत ओढलं गेलं तर डिझेलची गत अधिक वाईट. पाणी आवळलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्यूजोचं हे इंजिन मोटारीसाठी आखलेलं, म्हणून त्याला आवाज कमी हवा होता. त्यासाठी डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता हेडमधल्या एका छोट्या कोठडीत फवारलं जाई. तिथं ते पेट घेई आणि ज्वाळा अरुंद वाटेनं सिलिंडरमध्ये येई. त्यामुळे पेटणं सौम्य, धक्का कमी. पण कोठडीच्या भिंती बरीचशी उष्णता खाऊन टाकतात. थंड सकाळी इंजिन सुरू करायला आधी हीटर प्लग तापवावे लागतात आणि खर्चही थोडा वाढतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हरिकेनच्या १५५ न्यूटन-मीटरच्या जागी हे १२० च्या घरातलं आलं. डिझेल म्हणजे जास्त ओढ, हे आपण इतक्यांदा ऐकतो, की पेट्रोल काढून डिझेल बसवल्यावर जीपची ओढ घटली हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण हेच घडलं. पंपावरचा खर्च उतरला, बाकीचं गिअरनं सांभाळून घेतलं.

तिसऱ्या इंजिनाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्याची क्षमता २५२३ घनसेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, धाव १०१.६. असले तुटक आकडे कुणी का निवडेल? इंचांत मोजा: व्यास साडेतीन इंच, धाव बरोबर चार इंच. माप इंचांत आहे, कारण इंजिनाचं कूळ इंचांत मोजणाऱ्या जगातलं आहे. १९६३ साली महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला आणि इंग्लंडमध्ये आखलेला बी-२७५ ट्रॅक्टर इथं बनू लागला. त्याच्या इंजिनाची धावही चारच इंच. व्यास मात्र तीन आणि तीन अष्टमांश इंच, क्षमता सुमारे २३५० घनसेंटिमीटर. हे २३५० चं इंजिन जीपमध्ये आलं. पुढे व्यास एक अष्टमांश इंचानं वाढून २५२३ झालं, डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यात फवारलं जाऊ लागलं, आणि ‘डीआय’, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, हे नाव गावोगावी झालं. थारमध्ये येईपर्यंत त्याला टर्बोही मिळाला होता. २०१० साली विकत घेतलेल्या नव्या गाडीत शेतातल्या जुन्या ट्रॅक्टरची चार इंची धाव जशीच्या तशी होती!

थेट फवाऱ्यामुळे उष्णता वाया जाणं कमी झालं, डिझेल कमी लागू लागलं, आणि ट्रॅक्टरच्या जातीनं कमी फेऱ्यांवर ओढ दिली. आवाज मोठा, थरथर मोठी. पण पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात महिंद्राच्या ज्या कमांडर जीप वडाप म्हणून, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्या म्हणून, धावल्या, ज्यांच्यात आत माणसं, मागच्या फळीवर माणसं आणि टपावर पोती असायची, त्यांना हेच इंजिन मानवलं. एवढं ओझं घेऊन दर थांब्यावर शून्यापासून उठायचं असेल, तर ४५०० फेऱ्यांवर मिळणारे घोडे काय कामाचे? १५०० वर मिळणारी ओढ कामाची. त्यातच पिस्टनचा वेग बघा: ३२०० फेऱ्यांवर सेकंदाला १०.८ मीटर. गो डेव्हिलचा १४.८, प्यूजोचा साडेबारा. ज्याचा पिस्टन कमी धावतो तो झिजतोही सावकाश.

अमेरिकेनं याच्या उलट वाट धरली. तिथं डिझेलची निकड नव्हती, लांबच लांब महामार्ग होते. १९६५ साली सीजे-५ मध्ये ब्यूइकचं ३.७ लिटरचं व्ही-६ आलं, हरिकेनच्या दुपटीहून अधिक ताकदीचं. हे इंजिन बनवायची यंत्रसामग्री जीपवाल्यांनी ब्यूइककडून विकत घेतली होती. तेलसंकटानंतर छोट्या इंजिनाची गरज पडली तेव्हा ब्यूइकची मालक असलेल्या जनरल मोटर्सनं तीच सामग्री परत घेतली. पुढे जीपमध्ये व्ही-८ सुद्धा बसली. पण ती वेगळ्या रस्त्यांची गोष्ट.

आपल्याकडे गॅरेजांनी जे प्रयोग केले ते मिळेल त्या इंजिनावर. कॉन्टेसा आणि अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आलेलं इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल, त्याच घरातलं २ लिटर डिझेल, आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं मर्सिडीजच्या रचनेवरचं डिझेल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सामानाच्या दुकानांत टांगलेली जपानी इंजिनं. मोजमाप आणि वेल्डिंगवर हात बसलेले मिस्त्री यांतलं काहीही जीपमध्ये बसवून देतात. त्यांचं हे काम जवळून बघण्यासारखं असतं.

पहिली अडचण खाली असते. जीपचा ट्रान्सफर केस उजवीकडे काढलेला, म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलचं डिफरन्शियलही उजव्या बाजूला. आपल्याकडे स्टिअरिंगही उजवीकडेच. परक्या इंजिनाचं ऑइल चेंबर नेमकं तिथं फुगलेलं असलं, की गाडी खड्ड्यात आदळल्यावर पाटे दबतात, अ‍ॅक्सल वर येतो आणि चेंबरला भिडतो. मग इंजिन वर उचलायचं, की पुढे सरकवायचं, की चेंबर कापून नव्यानं जोडायचं? वर उचललं तर बोनेट आडवं येतं. पुढे सरकवलं तर पंखा रेडिएटरला लागतो. दोन-दोन बोटांच्या जागेसाठी सगळी झटापट.

दुसरी अडचण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याची. दोघांच्या बोल्टची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पोलादाची अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. भोकं पाडणं सोपं. अवघड आहे ते क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आणणं. चांगला मिस्त्री फ्लायव्हीलवर डायल गेज बसवतो, त्याची बारीक सुई बेल हाउसिंगच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवतो आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवतो. काटा फिरतो. एका बाजूला थोडा पुढे, समोरच्या बाजूला थोडा मागे. दोन्हींतल्या फरकाचं निम्मं अंतर प्लेट सरकवायची आणि पुन्हा फिरवायचं. मिलिमीटरच्या दहाव्या भागात हा हिशेब चालतो. तो चुकला तर गाडी त्या दिवशी मजेत चालते, पण काही महिन्यांत क्लच जातो, बेअरिंग वाजायला लागतं, आणि दोष नव्या इंजिनाच्या माथी बसतो.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि तीच मला सर्वात महत्त्वाची वाटते: क्राउन-पिनियन. शेतकरी जीपचं ५.३८ हे प्रमाण ४००० फेऱ्या घेणाऱ्या इंजिनासाठी होतं. त्याच गाडीत ३२०० ला दमणारं डीआय टाकलं आणि मागे ५.३८ तसंच ठेवलं, तर वेग ताशी ७८ किलोमीटरवर अडकतो. मालक म्हणतो, इंजिनात दम नाही. आता क्राउन-पिनियन ४.२७ चं घाला. ३२०० फेऱ्यांवर वेग येतो ताशी ९९ किलोमीटर, गो डेव्हिल ४००० फेऱ्यांवर जेवढा देत होतं तेवढाच. आणि लो रेंजची ओढ? गुणाकार ३७ वरून २९ वर उतरतो, पण इंजिनाचा जोर १४२ वरून १८० वर गेलेला असतो. चाकांपाशी पुन्हा ५२००-५३०० न्यूटन-मीटर! साठ घोडे ते साठ घोडे. दात्यांनी दोघांना एका पातळीवर आणलं. फरक राहतो तो एवढाच, की हे सगळं ट्रॅक्टरचं इंजिन कमी फेऱ्यांत, कमी डिझेलमध्ये आणि पिस्टन न पळवता करतं. प्यूजोला मात्र ५.३८ च हवं. त्याची ओढ कमी आणि पळण्याची तयारी जास्त.

म्हणून कुणी विचारलं की जुन्या जीपमध्ये कोणतं इंजिन टाकू, तर मी आधी विचारतो, मागचे दाते कोणते आहेत? इंजिन आणि क्राउन-पिनियन ही जोडी आहे. एक बदललं की दुसऱ्याचा हिशेब करावाच लागतो.

जास्त घोडे आणायचे असतील तर हिशेब आणखी लांबतो. त्याच २०१० च्या थारमध्ये कॉमन रेलचं सीआरडीई इंजिनही होतं, १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटरचं. ते जुन्या जीपमध्ये बसवता येतं, पण त्याच्याबरोबर संगणक, सेन्सर, वायरिंगचा जुडगा आणि स्वच्छ डिझेल यावं लागतं. तेवढा टॉर्क मग साठ घोड्यांसाठी घडवलेल्या अ‍ॅक्सल शाफ्टवर येतो. रेडिएटरलाही जास्त उष्णता बाहेर फेकावी लागते. वडापच्या वेगानं घाट चढताना पुढून वारा कमी आणि तापणं जास्त. ब्रेकचं तर विचारूच नका. जुन्या जीपला नऊ इंची ड्रम ब्रेक. ताशी ६० च्या गाडीला ते पुरतात. ९० ला ते अपुरे पडतात. वेगाच्या वर्गानं थांबायचं अंतर वाढतं, आणि इंजिनाच्या खर्चातून ब्रेकसाठी काही उरलं नसेल तर ते इंजिन घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत मनासारखा फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालणार नाहीत असा निकाल दिला. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घ्या. नोंद नसलेल्या इंजिनाची गाडी अपघातात सापडली तर विम्याच्या दाव्यावरही प्रश्न उभा राहतो.

कुणाकडे मूळ हरिकेन असलेली उंच बोनेटची जीप असेल, तर ते इंजिन काढू नये, दुरुस्त करून घ्यावं. प्यूजोवाली ५४० मोकळ्या रस्त्यावर एकट्या-दुकट्यानं चालवायची असेल तर प्यूजोच ठेवावं. नोजल आणि पंप नीट बसवून घेतले तर ते गोड चालतं. ओझं घेऊन घाट चढायचे असतील, तर डीआय आणि ४.२७ चं क्राउन-पिनियन, सोबत मोठा रेडिएटर आणि नवे ब्रेक. एवढं केलं की वरंध घाटातल्या वळणांवर लो रेंजला हात घालायची वेळ क्वचितच येते.